ऐब सांगून विकलेली सायकल

'ऐब' हा शब्द मला उर्दूच्या तासाला शिकवावा लागतो आणि मराठीच्या तासालाही तो परका वाटत नाही. अरबीतून फारसीत आणि तिथून उर्दूत व मराठीत आलेला हा शब्द बाजारात चांगलाच रुळला. जनावराच्या बाजारात पारखी माणूस बैलाचे दात बघतो, खूर बघतो, चार पावले चालवून बघतो आणि शेवटी विचारतो, 'खोड काय आहे?' मालकाने खरे सांगितले तर किंमत थोडी उतरते, पण सौदा पक्का होतो. खोटे सांगितले तर पुढच्या बाजारात त्याच्याकडे कोणी फिरकत नाही.

हाच प्रश्न आज एका नव्या वस्तूबद्दल विचारायची वेळ आली आहे. ती वस्तू म्हणजे जुनी, वापरलेली कार्बन सायकल.

गेल्या काही वर्षांत आपल्याकडे सायकल पुन्हा प्रतिष्ठेची झाली. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली 'रेस अक्रॉस अमेरिका' ही शर्यत दोघांच्या संघात पूर्ण केली, तेव्हा गावोगावच्या पोरांनी ती बातमी वाचली. पुणे, नाशिक, नागपूर, कोल्हापूर येथे साडेतेरा तासांत दोनशे किलोमीटर कापण्याच्या ब्रेव्हे राइड होऊ लागल्या. हौस वाढली तशी हलक्या सायकलींची भूक वाढली. नवी कार्बन सायकल लाख-दीड लाखाच्या पुढेच जाते. मग कॉलेजातला मुलगा, नुकताच नोकरीला लागलेला तरुण किंवा माझ्यासारखा मास्तर सेकंड हँड सायकल शोधतो. मोबाइलवर फोटो येतात, खाली एक ओळ असते: 'एकदम मिंट कंडिशन, एक स्क्रॅच नाही.'

या ओळीबद्दलच मला बोलायचे आहे.

आपल्या वडिलांच्या काळ्या सायकलीची फ्रेम लोखंडी होती. ती पडली की वाकायची आणि वाकली की दिसायची. मिस्त्री तिचा बेंड काढायचा, चाकाचा आऊट काढायचा, सायकल पुन्हा रस्त्यावर यायची. लोखंड आपले दुखणे अंगावर दाखवते. कार्बनचा स्वभाव वेगळा. कार्बनची फ्रेम म्हणजे बारीक कार्बन धाग्यांचे थर एकावर एक ठेवून इपॉक्सी रेझिनमध्ये घट्ट केलेली पोकळ नळी. धाग्याच्या दिशेने ओढले तर ती जबरदस्त ताकदवान. पण आडवा, टोकदार मार बसला तर आतले धागे तुटू शकतात किंवा दोन थर एकमेकांपासून सुटू शकतात. बाहेरचा पृष्ठभाग मात्र स्प्रिंगसारखा परत जागेवर येतो. वरून रंग तसाच, चकाकी तशीच. विमानाच्या दुनियेत हे दुखणे जुने आहे. जेमतेम दिसणारी आघाताची इजा यासाठी तिथे वेगळी संज्ञा आहे, तपासणीच्या वेगळ्या पद्धती आहेत. सायकलच्या बाजारात मात्र फोटो आणि 'मिंट कंडिशन' एवढ्यावर काम भागते.

या मार्गाने आलेला धोका साधा नाही. मागच्या नळीत चीर असेल तर बहुधा आधी करकर आवाज येतो, सायकल डुलते, माणूस सावध होतो. पण पुढचा फोर्क आणि त्याची हॅण्डलमध्ये शिरणारी दांडी यांचे तसे नाही. ती दांडी हेडट्यूबच्या आत लपलेली असते, सायकल पूर्ण खोलल्याशिवाय दिसत नाही, आणि मोडली तर इशारा न देता मोडते. २००६ च्या पॅरिस-रूबे शर्यतीत अमेरिकेचा जॉर्ज हिंकॅपी आधी एकदा पडला होता. पुढे दगडी रस्त्यावर त्याच्या फोर्कची दांडी तुटली, हॅण्डल हातात आले आणि तो खांद्यावर आदळला. ती दांडी कार्बनची नव्हती, ॲल्युमिनियमची होती. म्हणजे प्रश्न एकट्या कार्बनचा नाही, आधीच्या पडण्याचा हिशेब न ठेवण्याचा आहे. त्याच्यामागे संघाची गाडी आणि डॉक्टर होते. कसारा घाट साठच्या वेगाने उतरणाऱ्या आपल्या पोरामागे ट्रक असतो.

माझा एक माजी विद्यार्थी अशीच एक सायकल घेऊन मला दाखवायला आला होता. 'सर, अगदी नव्यासारखी आहे.' सायकल खरोखर देखणी होती. पण उजव्या ब्रेकच्या रबरावर घासल्याची खूण, उजव्या पायडलच्या टोकाला तीच खूण, सीटची उजवी कड सोललेली आणि मागचा गिअर किंचित आत झुकलेला. चार खुणा एकाच बाजूला. विकणाऱ्याला त्याने फोन लावला तर उत्तर आले, 'तुम्ही विचारलंच नाही.' त्याने ती तपासून घेतली. नशिबाने फ्रेम धड निघाली, गिअरचा हँगर बदलावा लागला. पण ते 'तुम्ही विचारलंच नाही' माझ्या डोक्यातून गेले नाही, कारण आपल्या बाजाराची सगळी नीती त्या तीन शब्दांत आहे.

कायदा काय म्हणतो? १९३० च्या माल विक्री कायद्याचा साधारण सूर असा की खरेदीदाराने आपले डोळे उघडे ठेवावेत. त्याला काही अपवाद आहेत, पण दोन खासगी माणसांच्या सौद्यात ते सहसा कामी येत नाहीत. १८७२ च्या करार कायद्याचे कलम १७ सांगते की माहीत असलेली गोष्ट मुद्दाम झाकणे ही फसवणूक आहे. पण तेच कलम पुढे असेही म्हणते की बोलण्याचे कर्तव्य नसेल तर नुसते गप्प बसणे ही फसवणूक नाही. आणि कलम १९ चा अपवाद असा की साध्या दक्षतेने सत्य कळण्यासारखे असताना ते तुम्ही पाहिले नाही, तर मौनाविरुद्धची तुमची तक्रार टिकत नाही. म्हणजे चिरेवर स्टिकर चिकटवणारा सापडला तर गुन्हेगार, पण पडण्याबद्दल चूप बसणारा बहुतेक वेळा मोकळा. इस्लामी व्यापारकायद्यात 'खियारे ऐब' अशी संज्ञा आहे: मालात आधीचा दोष निघाला तर सौदा परत करण्याचा खरेदीदाराचा हक्क. नावे वेगळी, पण दोष कोणाच्या पदरी टाकायचा हा प्रश्न प्रत्येक कायद्याने हाताळला आहे.

माझे मत असे की कार्बन सायकलच्या बाबतीत मौन हे मौन राहत नाही. 'साध्या दक्षतेने कळेल' हे तत्त्व लोखंडी सायकलीला लागू पडते. जे डोळ्यांना दिसत नाही, बोटांना लागत नाही आणि ज्याचा एकमेव साक्षीदार विकणाराच आहे, तिथे न विचारताही सांगणे हे त्याचे कर्तव्य ठरते. सायकल कधी, किती जोरात, कोणत्या कुशीवर पडली हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक? उगवलेल्या दिवसाचा साक्षीदार होऊन अंधार विकणे याला हुशारी म्हणता येणार नाही.

आता दुसरी बाजू. विकणारे सगळे लबाड नसतात. अनेकांना खरेच माहीत नसते. सायकल स्टँडवर त्यांच्या मागे कोणी पाडलेली असते, गाडीच्या कॅरिअरने वरची दांडी दाबलेली असते, सीटचा बोल्ट एखाद्या कारागिराने टॉर्क पाना न वापरता करकचून आवळलेला असतो. कार्बनच्या सीटपोस्टला बहुतेक ठिकाणी पाच न्यूटन मीटरच्या आसपासचा जोर पुरतो. हाताच्या अंदाजाने माणूस सहज त्याच्या दुप्पट लावतो. हेही विकणाऱ्याने स्वतःहून सांगावे अशी अपेक्षा मी करत नाही. 'मला माहीत नाही' हेही प्रामाणिक उत्तर आहे. माझा आक्षेप आहे तो माहीत नसताना 'एक नंबर' म्हणण्याला.

तिसरी बाजू आपली, खरेदीदारांची. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला आणि २००१ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: चांगला माल आणि खराब माल खरेदीदाराला वेगळा ओळखता येत नसेल तर तो दोघांनाही मधलीच किंमत देतो. मग चांगल्या मालाचा मालक बाजारातून उठून जातो आणि खराब माल उरतो. आपण नेमके हेच करतो. 'एकदा पडली होती, तपासून घेतली आहे, हा रिपोर्ट' असे सांगणाऱ्याला आपण वीस हजार कमी देऊ करतो किंवा फोनच ठेवतो. आणि 'कधी पडली नाही' म्हणणाऱ्याला मागेल ते देतो. खरे बोलण्याला दंड आणि खोटे बोलण्याला बक्षीस ठेवले तर बाजारात काय पिकेल हे सांगायला नोबेलची गरज नाही.

म्हणून घाबरवणे हा माझा हेतू नाही. कार्बन म्हणजे काच नव्हे. नीट वापरलेली फ्रेम वर्षानुवर्षे चालते. चिरलेली फ्रेमही दुरुस्त होते: खराब भाग घासून उतरत्या थरांत मोकळा करतात, नव्या कापडाचे थर रेझिनने बसवतात, दाब देऊन पक्के करतात. जाणकाराने केलेले असे काम भक्कम असते. दुरुस्ती हा ऐब नाही, लपवलेली दुरुस्ती हा ऐब आहे.

खरेदीदाराने करायच्या गोष्टी अवघड नाहीत. सायकल दिवसा उजेडात, धुतलेली पाहावी. स्टिकर, जादा टेप आणि एकाच जागी केलेला नवा रंग यांची चौकशी करावी. पडल्याच्या खुणा एकाच बाजूला आहेत का ते बघावे. हॅण्डल वळून वरच्या दांडीला जिथे लागू शकते ती जागा, खालच्या नळीची रस्त्याकडची बाजू, पायडलांचा आस जातो तो भाग, चेनजवळच्या नळ्या आणि सीटपोस्टचे तोंड या जागी टॉर्च मारावा. मऊ सुती फडके नळीवरून फिरवावे. तुटका धागा त्याला अडकतो. नाण्याने हळू टकटक करून ऐकावे: धड जागी खणखणीत आवाज, सुटलेल्या थरावर बद्द. मात्र फ्रेमची जाडी जागोजाग बदलते, म्हणून आवाजाची तुलना दुसऱ्या बाजूच्या तशाच जागेशी करावी. सीटपोस्ट काढून बघावा. निघतच नसेल तर तेही एक उत्तर आहे. फोर्क मिस्त्रीकडून खोलून घ्यावा. आणि शंका राहिली तर अल्ट्रासाउंड तपासणी करवावी, नाहीतर सौदा सोडावा. हेही लक्षात ठेवा की फ्रेमवरची कंपनीची आजन्म हमी बहुधा पहिल्याच मालकापुरती असते. 'अजून वॉरंटी आहे' या वाक्याला तुमच्यापुरता अर्थ नसण्याची शक्यता मोठी.

पण हे सगळे ओझे एकट्या खरेदीदारावर टाकून आपण मोकळे होऊ नये. माझी सूचना साधी आहे. प्रत्येक गावात आता सायकल ग्रुप आहेत आणि बहुतेक सौदे त्यांच्यातच होतात. त्यांनी एक नियम करावा: सोबत चार ओळींची चिठ्ठी नसेल तर विक्रीचा फोटो ग्रुपवर टाकता येणार नाही. सायकल पडली आहे का, केव्हा आणि कोणत्या बाजूला. फ्रेम किंवा फोर्क दुरुस्त किंवा रंगवला आहे का. कोणते भाग बदलले. आणि जे माहीत नाही त्यापुढे स्वच्छ अक्षरात 'माहीत नाही'. खाली सही आणि तारीख. अशी चिठ्ठी असली की कलम १७ मधला संदिग्धपणा बराच मिटतो, कारण लिहिलेले खोटे हे मौन नसते. आणि ग्रुपमधल्या मोठ्यांनी आणखी एक करावे: पडल्याचे खरे सांगून, तपासून सायकल विकणाऱ्याला योग्य भाव मिळेल असे बघावे. भाव पाडणाऱ्या पोरांना समजवावे की तो माणूस तुम्हाला सायकलबरोबर तिचा इतिहासही देतो आहे.

वर्गात मी मुलांना सांगतो की ऐबचा विरुद्धार्थी शब्द 'बेऐब'. पण बेऐब वस्तू बाजारात क्वचितच मिळते, जुन्या वस्तूंत तर नाहीच. मिळू शकतो तो ऐब सांगणारा माणूस. सायकल घ्यायला निघाल तेव्हा फ्रेमच्या आधी त्याला शोधा, आणि आपली सायकल विकायला काढाल तेव्हा पहिली ओळ तिच्या पडण्याची लिहा.