मोटर चालते, म्हणून वायर चालेल?

पाण्याची मोटर घेताना माणूस चार दुकानं फिरतो. कंपनी विचारतो, हेड विचारतो, वाइंडिंग तांब्याचंच आहे ना याची दोनदा खात्री करून घेतो. मोटर घरी आली की माळ्यावरून गणपतीच्या आराशीसाठी आणलेला एक्स्टेंशन बोर्ड खाली उतरतो. पहाटे पाणी सुटतं, हौद भरतो आणि वरच्या टाकीपर्यंतचं सगळं काम त्या बोर्डाच्या केसाएवढ्या तारांवर येऊन पडतं. कोणी हटकलं तर उत्तर तयार असतं : ‘अहो, इतकी वर्षं चालतेय, काही झालं नाही.’

घरच्या मोटरीच्या वायरीबद्दलचं हे सर्वांत लाडकं मत आहे आणि सर्वांत पोकळही. मोटर फिरायला फेज आणि न्यूट्रल या दोनच तारा लागतात. तिसरी तार, म्हणजे अर्थिंगची, मोटरच्या फिरण्यात काडीचाही भाग घेत नाही. ती तोडा, पाणी तेवढंच चढेल. प्लगची जाड पिन काढून टाका, टाकी तेवढ्याच वेळात भरेल. त्यामुळे ‘मोटर चालते’ हा पुरावा फार तर पहिल्या दोन तारांचा. तिसरी तार आहे की नाही, असली तर कुठे पोचते की वाटेतच लोंबकळते, याबद्दल चालत्या मोटरकडून काहीच कळत नाही. ते कळतं ते मोटरचं सील गळून पाणी आत शिरल्यावर, किंवा वाइंडिंगचं इन्सुलेशन उडून फेज बॉडीला टेकल्यावर. तोवरची सगळी वर्षं या प्रश्नाच्या दृष्टीने कोरी असतात.

‘इतकी वर्षं’वाल्यांच्या आणखी एक गोष्ट ध्यानात येत नाही. पूर्वी घरोघरी जी.आय.चे, म्हणजे लोखंडी जस्ती पाइप होते. जमिनीतून आलेला तो पाइप मोटरला जोडलेला असे आणि न सांगता, न ठरवता थोडंफार अर्थिंगचं काम करून जाई. आता सक्शनही पीव्हीसीचं आणि डिलिव्हरीही. मोटर प्लास्टिकच्या दोन नळ्यांमध्ये अधांतरी बसलेली असते. वडिलांच्या काळी दोन तारांवर निभावलं असेल, तर त्यात या पाइपाचा वाटा होता. तो पाइप आपण कधीच भंगारात घातला आहे.

दुसरा पक्ष जरा शिकलेला आहे. तो म्हणतो, ‘आमच्याकडे एमसीबी आहे, काही झालं तर खाली पडेल.’ एमसीबी कशासाठी असतो? भिंतीतली वायर जळू नये म्हणून. सोळा अँपिअरचा एमसीबी सोळा अँपिअरपर्यंत निवांत असतो. माणसाचं हृदय बंद पडायला मिलिअँपिअर पुरतात. ओल्या अंगाच्या माणसाचा रोध ढोबळमानाने हजार ओहम धरला, तर २३० व्होल्टला त्याच्यातून २३० मिलिअँपिअर, म्हणजे पाव अँपिअरहून कमी प्रवाह जातो. प्राण घ्यायला तो भरपूर झाला. एमसीबीच्या हिशेबी मात्र कोणी तरी एक दिवा लावला.

बरं, अर्थिंग असलं तरी एमसीबी पडेलच असं नाही, आणि ही गोष्ट पुष्कळ वायरमनही सांगत नाहीत. आपल्याकडे घराचं अर्थिंग म्हणजे बहुधा अंगणात पुरलेली सळई किंवा पट्टी. तिचा जमिनीशी रोध दहा ओहम निघाला, तर दोष झाल्यावर २३० भागिले १०, म्हणजे २३ अँपिअर वाहतील. सोळाचा एमसीबी २३ अँपिअरवर पडायला तासभरसुद्धा घेऊ शकतो, आणि तोवर मोटरच्या बॉडीवर वीज हजर. म्हणून अर्थिंगच्या जोडीला आरसीसीबी हवा. आत गेलेला प्रवाह आणि परत आलेला प्रवाह यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की तो सेकंदाच्या एका अंशात पुरवठा तोडतो. घरात आरसीसीबी नसेल तर दहा हजारांच्या मोटरसाठी तो बसवून घेणं ही चैन नव्हे. आणि असेल तर त्यावरचं ‘टेस्ट’चं बटण महिन्यातून एकदा दाबून बघावं. ते दाबलेलं मी फार थोड्या घरांत पाहिलं आहे.

‘पायात रबरी चप्पल आहे ना’ म्हणणारा पक्ष तर एका ओळीत निकालात निघतो. पायातूनच जायचं असं विजेला कोणी सांगितलेलं नाही. एक हात मोटरवर आणि दुसरा ओल्या कठड्यावर किंवा लोखंडी जिन्यावर असला की वाट छातीतूनच आहे.

आता खरा वाद : ‘अर्धा एचपीचीच तर आहे, तिला कशाला जाड वायर?’ एक एचपी म्हणजे ७४६ वॅट, पण हे मोटरने शाफ्टवर दिलेलं काम. ते द्यायला ती त्याहून बरीच जास्त वीज खाते. चालू असताना अर्ध्या एचपीची घरगुती मोटर तीन-चार अँपिअर आणि एक एचपीची सहा-सात अँपिअर घेते. इथवर ठीक. पण चालू होण्याच्या क्षणी मोटर याच्या चार ते सहा पट ओढते. तो क्षण मोबाइलच्या चार्जरला नसतो, टेबलफॅनला जेमतेम असतो. पाण्याने भरलेला इंपेलर जागचा हलवायच्या वेळी मात्र तोच क्षण निर्णायक ठरतो.

दुकानात सुट्या वायरीला अजूनही ‘चौदा शहात्तर’, ‘तेवीस शहात्तर’, ‘चाळीस शहात्तर’ म्हणतात. शहात्तर म्हणजे इंचाच्या दहा हजाराव्या भागात मोजलेला एका तारेचा व्यास आणि त्याआधीचा आकडा म्हणजे अशा किती तारा. चौदा शहात्तरमध्ये तांबं भरतं जेमतेम ०.४ चौरस मिलिमीटर, तेवीस शहात्तरमध्ये पाऊण चौरस मिलिमीटरच्याही आत. स्वस्त एक्स्टेंशन बोर्डाला बहुधा यांपैकीच एक लावलेली असते. वीस मीटर चौदा शहात्तर घेतली, तर जाऊन-येऊन चाळीस मीटर तांब्याचा रोध पावणेदोन ओहमच्या आसपास. एक एचपीच्या मोटरने सुरुवातीला तीस अँपिअर ओढले की पन्नास व्होल्ट वायरीतच गेले. त्यात पाणी सुटायची वेळ म्हणजे सगळ्या आळीच्या मोटरी एकदम सुरू होण्याची वेळ. घरात व्होल्टेज आधीच दोनशेवर आलेलं. मोटरपाशी उरले दीडशे. मोटरचा फिरवण्याचा जोर व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटतो, म्हणजे २३० व्होल्टला जो जोर असता त्याच्या चाळीस-बेचाळीस टक्केच हाती आला. मोटर फिरत नाही, नुसती घुमते. आपण म्हणतो कपॅसिटर गेला. मेकॅनिक येतो, कपॅसिटर बदलतो, पैसे घेतो. दोन दिवसांनी मोटर पुन्हा घुमते. वायरीकडे कोणी बघत नाही. आणि घुमणारी मोटर सुरुवातीचा तो जबर प्रवाह ओढतच राहते, म्हणजे वाइंडिंग आणि वायर दोन्ही तापतात.

त्याच जागी दीड चौरस मिलिमीटरची वायर असती, तर रोध अर्ध्या ओहमच्या थोडा वर आणि घट सोळा व्होल्टची. १८४ व्होल्टला जोर सुमारे चौसष्ट टक्के. मोटर उचलली जाण्याची शक्यता कितीतरी जास्त.

‘पण ती चालते तरी किती? वीस मिनिटं.’ वीस मिनिटं पातळ वायर तापायला पुरेशी आहेत, आणि ती रिळावर गुंडाळलेली असेल तर फारच. गुंडाळीतल्या मधल्या वेढ्यांची उष्णता बाहेर पडायला वाट नसते. चांगल्या रिळावर म्हणूनच दोन आकडे छापलेले असतात, पूर्ण उलगडलेल्या वायरीसाठी एक आणि गुंडाळलेल्यासाठी त्याहून बराच लहान दुसरा. लांबलचक वायर घेऊन ती अर्धी गुंडाळीतच ठेवणं म्हणजे पैसे देऊन धोका विकत घेणं.

आता समोरच्या टोकाचा पक्ष. हे लोक सुरक्षिततेचे कैवारी असतात आणि त्यांचं एकच वाक्य असतं : ‘पंपाला एक्स्टेंशन वापरूच नये.’ कायमच्या पंपापुरतं हे मला शंभर टक्के मान्य आहे. रोज चालणारी मोटर आणि तिला रोज अंगणातून ओढलेली वायर ही नुसती कुचराई आहे. परवानाधारक वायरमन बोलावून मोटरपाशी सोळा अँपिअरचा पॉइंट काढून घ्यावा, विषय संपला. पण भाड्याच्या घरात भिंत फोडू न देणारा मालक असतो. हौद वर्षातून दोनदा धुवायचा असतो आणि तळाचा गाळ उपसायला पंप उतरवावा लागतो. टँकर उन्हाळ्यात येतो तो गल्लीच्या तोंडाशी उभा राहतो. २०१९च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापुरात पूर ओसरला, तेव्हा तळमजल्यांत साचलेलं पाणी काढायला कोणी आधी पॉइंट काढत बसणार नव्हतं. अशा माणसाला ‘वापरूच नका’ सांगितलं की तो वापरायचं थांबत नाही. तो तुम्हाला विचारायचं थांबतो आणि मग गणपतीचा बोर्ड काढतो. म्हणून कुठली वायर घ्यावी, हे सांगणं टाळता येत नाही.

तीन कोअरची, गोल, वरून एकच जाड आवरण असलेली लवचीक तांब्याची केबल घ्यावी, आयएसआय छापाची. एक एचपीपर्यंतच्या मोटरला आणि वीस मीटरपर्यंतच्या अंतराला दीड चौरस मिलिमीटर. त्यापुढे अंतर असेल किंवा मोटर मोठी असेल तर अडीच. अंतर आधी दोरीने मोजावं आणि दोन-तीन मीटर जास्त, एवढीच घ्यावी. दोन तुकडे जोडून लांबी करू नये. केबलवर आकार छापलेला असतो, तो वाचावा. बिनछापाची केबल कितीही जाड दिसली तरी त्यातली जाडी बहुधा प्लास्टिकची असते. बाजारात तांब्याचं पाणी दिलेली अ‍ॅल्युमिनियमची तारही येते. ब्लेडने खरवडली की आत पांढरी निघते. अ‍ॅल्युमिनियमचा रोध तांब्याच्या दीडपटीहून अधिक, तेव्हा छापील आकारावर विसंबून हिशेब केला तर तो कोसळतो.

प्लग आणि सॉकेट दोन्ही सोळा अँपिअरचे, म्हणजे ज्याला आपण पॉवर पिन म्हणतो ते. पॉवर पिनवरून लहान पिनवर आणणारा कन्व्हर्टर मोटरला कधीही लावू नये. त्याची पकड सैल असते, आणि सैल पकड म्हणजे उष्णता. पिन काळी पडलेली दिसते ती त्यामुळेच. दोन पिनांचा प्लग तर विचारातही घेऊ नये. तो उलटाही बसतो, आणि उलटा बसला की एक्स्टेंशन बोर्डाचं बटण न्यूट्रल तोडतं, फेज मोटरपाशी जागाच राहतो. बटण बंद करून मोटरला हात लावणारा माणूस या एका गोष्टीने फसतो.

बोअरमधल्या पाणबुडी मोटरवाल्यांसाठी वेगळं सांगायला हवं. त्या मोटरीतून वर येणाऱ्या चपट्या केबलमध्ये तीन तारा दिसतात आणि पुष्कळांना वाटतं, झालं, अर्थिंग आलं. तसं नाही. पॅनलवर चालणाऱ्या एका फेजच्या मोटरीत त्या तिन्ही तारा वाइंडिंगच्या आहेत : रनिंग, स्टार्टिंग आणि कॉमन. अर्थिंग वेगळंच आणावं लागतं. तीन तारा मोजून समाधान मानणारा इथे चुकतो.

वायर चांगली आणली आणि जोड हौदाच्या काठावर ठेवला तर सगळं फुकट. मोटरची स्वतःची वायर आणि एक्स्टेंशनचं सॉकेट जिथे भेटतात, ती जागा कोरडी आणि उंचावर असावी. त्यावर प्लास्टिकची पिशवी बांधायची आपली पद्धत आहे. पिशवीत वाफ साठते, पाणी वायरीवरून ओघळत आत येतं आणि बाहेर पडत नाही. त्यापेक्षा वायरमनकडून मोटरच्या टर्मिनल बॉक्सपासून कोरड्या जागेपर्यंत अखंड लांब केबल ओढून घ्यावी. जोड असेल तर तो घरात. मोटर उचलायची, सरकवायची, फूट व्हॉल्व्ह बघायचा, तर बटण बंद करून भागत नाही, प्लग उपटायचा. पाण्यात उभं राहून नाही, आणि ओल्या हाताने तर नाहीच.

आणखी एक गोष्ट बोलायला कोणाला आवडत नाही. अनेक गावांत मोटरची वायर तात्पुरती असते, कारण मोटरच लपवायची असते. नगरपालिकेच्या नळाला थेट मोटर लावायला मनाई आहे, पथक आलं की मोटर जप्त होते. म्हणून पाणी सुटलं की वायर बाहेर, पाणी गेलं की आत. या लपाछपीत जाड केबल, पक्का पॉइंट, अर्थिंग यांतलं काहीच बसत नाही. थेट मोटर लावल्याने शेजाऱ्याचं पाणी जातं, आणि वाहिनीत दाब उणा झाला की फुटक्या जोडांतून गटाराचं पाणी आत ओढलं जातं, ते वेगळंच. अशा मोटरला सुरक्षित वायर कोणती, असं मला कोणी विचारलं तर माझं उत्तर एकच आहे : कोणतीही नाही. नळाचं पाणी आधी हौदात पडू द्या आणि मोटर हौदाला लावा.

महावितरणचं काम मीटरपाशी संपतं. त्यापुढची तार आपली आणि तिचा दोषही आपला. तेव्हा या उन्हाळ्याआधी घरातल्या मोटरीचा प्लग एकदा उघडून बघा. आत दोनच तारा दिसल्या, तर ती वायर आजच बदलून घ्या.