घटाची माती आणि परक्याचे अंगण

आश्विन शुद्ध प्रतिपदेस श्रीतुळजाभवानी भाद्रपदातील घोर निद्रा आटोपून सिंहासनावर येते, मंदिरात घट बसतात, आणि तुळजापुराहून ज्योत घेऊन अनवाणी धावत निघालेली तरुण मंडळी आपापल्या गावच्या वेशीवर पोचू लागतात. धाराशिव जिल्ह्यात तरी या नऊ दिवसांत घराबाहेर राहणे कोणास रुचत नाही. पुण्या-मुंबईस नोकरीला असलेला मुलगादेखील माळ चढविण्यास एक दिवस का होईना येऊन जातो. अशा या मुलुखातील, आमच्या परिचयाच्या एका घरात २०२३ च्या नवरात्रात जो पेच उभा राहिला, तो आज अनेक घरांच्या उंबरठ्यावर येऊन ठेपला आहे. म्हणून त्याविषयी चार शब्द लिहावेसे वाटतात.

त्या घरची नात विद्यार्थ्यांच्या अदलाबदलीच्या योजनेतून एका वर्षासाठी डेन्मार्कला गेली होती. या योजनेत मुलाने तेथील एखाद्या कुटुंबात त्यांच्या घरचे होऊन राहावयाचे आणि तेथल्याच शाळेत जावयाचे असते. डेन्मार्कमध्ये शरद ऋतूची शालेय सुट्टी वर्षाच्या बेचाळिसाव्या आठवड्यात, म्हणजे ऑक्टोबरच्या मध्यास येते. २०२३ साली श्रावण अधिक आल्यामुळे नवरात्र लांबले. घटस्थापना १५ ऑक्टोबरला आणि त्यांची सुट्टी दुसऱ्याच दिवसापासून! यजमान कुटुंब सुट्टीत आपल्या वडीलधाऱ्यांच्या शेतावर निघाले. नातीने घरी कळविले आणि आजीचा जीव खालीवर झाला. "अगं बाई, तिथं घट कुठं बसवशील? आणि त्यांच्या ताटात काय काय असतं कुणास ठाऊक!"

घरात मतांतरे झाली. एकाचे म्हणणे, परदेशी आहे तोवर व्रत-वैकल्य बाजूस ठेवावे, देवी समजून घेईल. दुसऱ्याचे म्हणणे, तिने शेतावर जाऊच नये. यजमानांच्या घरी एकटीने राहून नऊ दिवस कडक पाळावे. आम्हांस विचारले तेव्हा आम्ही सांगितले की दोन्ही मते चुकीची आहेत. पहिल्याने मुलीचे हातचे जाते आणि दुसऱ्याने यजमानांचा अवमान होतो. जिच्या घरचे मीठ आपण वर्षभर खाणार, तिने आपल्या आई-बापांच्या घरी प्रेमाने बोलाविले असता दार लावून बसणे, हे कोणत्या शास्त्रात बसते? अतिथीला देव मानणाऱ्यांनी अतिथी कसे असावे हेही जाणले पाहिजे.

मुलगी गेली. आजीने तोडगा काढला तो मात्र अस्सल आपल्या घरांतला: नऊ दिवसांचा नको, उठता-बसता उपवास कर. आणि येथे एक मौज झाली. डेन्मार्कची ही सुट्टी पूर्वी 'बटाट्यांची सुट्टी' म्हणून ओळखली जाई. शेतात बटाट्याची काढणी असे आणि शाळकरी मुले घरच्यांच्या हाताखाली बटाटे वेचीत. आपल्याकडे सोयाबीनच्या काढणीला मुले शेतात दिसतात, तसेच हे. उपवासाच्या दिवशी काय खाशील या यजमानीणबाईंच्या प्रश्नास नातीने उत्तर दिले, "उकडलेले बटाटे," तेव्हा त्या घरात मोठा हशा पिकला म्हणे. आमच्या मते यात हसण्यासारखे नाही, विचार करण्यासारखे आहे. बटाटा, रताळे, शेंगदाणा आणि ज्या कंदापासून साबुदाणा करतात तो कंद, हे सारे मूळचे अमेरिका खंडातले. युरोपीय जहाजांतून ते जगभर पसरले आणि आज आपल्या उपवासाच्या ताटात मानाने बसले आहेत. ताटाने जर इतकी सीमा ओलांडली, तर ताटावर बसणाऱ्या मुलीबद्दल एवढी धास्ती का?

परंतु खरी अडचण खाण्यापिण्याची नव्हतीच. मुलीने एका काचेच्या खोल थाळीत शेतातली माती घेतली, गहू पेरला, मध्ये पाण्याचा तांब्या म्हणून एक मातीचे भांडे ठेवले. लाकडी घरात अखंड दिवा ठेवणे शक्य नव्हते, तो सायंकाळपुरता लावला. यजमानीणबाई शेजारी येऊन बसल्या आणि त्यांनी साध्या कुतूहलाने विचारले, घरात देवापुढे माती का आणायची? मुलीस उत्तर देता येईना. तिने घरी विचारले, तर वडिलांना सांगता येईना, आणि खरे सांगावयाचे तर आम्हीही क्षणभर घुटमळलो. शेवटी आजीच बोलली. खरिपाचे घरात येत असते, रब्बीची पेरणी पुढे असते. घरातले बी मातीत टाकून ते कसे उगवते ते देवीसमोर पाहावयाचे, आणि जिच्या पोटातून हे उगवते तीच देवी म्हणून नमस्कार करावयाचा. यजमानीणबाईंना हे तत्काळ उमगले. युरोपात अनेक ठिकाणी सुगीनंतर देवळात धान्याच्या पेंढ्या, भोपळे, द्राक्षे मांडून आभाराची प्रार्थना करतात. जर्मनीत तर ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी हा दिवस पाळतात.

आपण मुलांबरोबर लोणचे देतो, मेतकूट देतो, लोकरीचे कपडे देतो. घटात माती का, हे सांगून पाठवितो का? परधर्मीयांच्या घरी मूल राहिले तर ते आपले राहील ना, ही भीती अनाठायी आहे असे आम्ही म्हणणार नाही. आई-बापांस ती वाटावयाचीच. पण रिकाम्या हातांनी गेलेल्या मुलाविषयी ती अधिक बाळगावी. यजमानांबरोबर रविवारी त्यांच्या प्रार्थनामंदिरात जाऊ का, असेही त्या मुलीने विचारले होते. जावे, शांत बसावे, हात जोडावेत, आणि कोणी विचारले तर आपण कोण हे मोकळेपणाने सांगावे. चोरून पाळलेला धर्म आणि चोरून मोडलेला धर्म, दोन्हीही माणसास खुजे करतात.

हा मार्ग नवा नाही. १८८३ साली आनंदीबाई जोशी वैद्यक शिकण्यास अमेरिकेस निघाल्या, तेव्हा बंगालमधील श्रीरामपूर येथील भाषणात त्यांनी हिंदू म्हणूनच जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन असे जाहीर सांगितले होते. न्यू जर्सीतील रोझेल येथे कार्पेंटरबाईंच्या घरी त्या राहिल्या. बाईंना त्या मावशी म्हणत. मांसाहार केला नाही, साडी सोडली नाही, आणि तरीही त्या घरच्या मुलींच्या त्या लाडक्या झाल्या. १८८६ साली पदवी घेऊन त्या परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात निवर्तल्या. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यात आली व मावशीने ती आपल्या कुटुंबाच्या स्मशानभूमीत ठेविली. परक्या घरचे हे नाते किती खोल गेले होते!

आणि आपल्या जिल्ह्याने तरी समुद्राचे भय का बाळगावे? गोरोबाकाकांचे तेर, म्हणजेच प्राचीन तगर, इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ग्रीक खलाशाच्या प्रवासवर्णनात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर सांगितले आहे. तेथले कापड गाड्यांतून भडोचला आणि तेथून गलबतांतून पश्चिमेस जाई. इटलीत, इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई नगरात १९३८ साली एक हस्तिदंती भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. तिच्याशी मिळतीजुळती मूर्ती तेरलाही मिळाली आहे.

खुद्द आई भवानीचे पाहा. तिची मूर्ती चल आहे. दसऱ्याच्या पहाटे ती सिंहासनावरून उठते, नगरजवळच्या बुऱ्हाणनगरच्या भक्तांनी आणलेल्या पालखीत बसते आणि सीमोल्लंघन करते. त्यानंतर पलंगावर तिची श्रमनिद्रा सुरू होते, ती आश्विनी पौर्णिमेपर्यंत. वर्षाचे सीमोल्लंघन देवी परगावच्या पालखीतून करते आणि मग तीही चार दिवस सुट्टी घेते, असे म्हटले तर भाविकांनी रागावू नये.

एक गोष्ट मात्र आपणांस विचारली पाहिजे. अशाच योजनेतून तिकडची मुले आपल्याकडेही येतात. नवरात्रात असे मूल आपल्या घरी असेल, तर त्याला देवघराच्या दाराशी थांबवून ठेवणार, की स्नान करून ये, ही माळ बांध, असे म्हणणार? डेन्मार्कच्या त्या बाईंनी आपल्या घरातील मेजावर माती मांडू दिली. आपले मन तेवढे मोठे आहे ना?

सुट्टी संपल्यावर मुलीने ती थाळी मोटारीतून मांडीवर ठेवून आणली. २४ ऑक्टोबरला दसरा होता. उन्हाअभावी पिवळसर राहिलेले कोंब तिने उपटले, एक यजमानांच्या टोपीत खोवला, एक यजमानीणबाईंच्या केसांत. सायंकाळी भ्रमणध्वनीवर आजीला ते दाखविले. आजीने डोळे बारीक करून पाहिले आणि एवढेच विचारले, "किती बोटं आलेत गं? आमचे यंदा चारच बोटं आले, पाऊस कमी झाला."