जीव आणि आत्मा

एका वाचकभगिनीनें पत्रांतून विचारलें आहे कीं, जीव आणि आत्मा यांत भेद काय, आणि तो कळून संसारी माणसाला उपयोग काय? पूर्वार्धाचें उत्तर अद्वैत्यांनीं देऊन ठेवलें आहे. आत्मा एकच, सर्वांच्या ठायीं सारखा, सुखदुःखाचा स्पर्श नसलेला. तोच देहमनाच्या उपाधीनें ‘मी’ व ‘माझें’ म्हणूं लागला म्हणजे त्याला जीव म्हणावयाचें. द्वैतमताचे लोक हें मानीत नाहींत. पण तो वाद येथें नको.

उत्तरार्ध मला अधिक महत्त्वाचा वाटतो. आपली घरगुती भाषाच पाहा ना! जीव कासावीस होतो, तुटतो, टांगणीला लागतो, दुसऱ्यावर जडतो. आत्मा टांगणीला लागल्याचें कोणीं ऐकलें आहे काय?

कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या सदाशिव पेठेंतल्या वाड्यांत एका बाईंचा तरुण मुलगा गेला. मी भेटावयास गेलों, आणि काय बोलावें हें न सुचून आत्म्याचें अमरत्व सांगूं लागलों. बाई म्हणाल्या, “असेल हो आत्मा अमर, पण तो संध्याकाळीं दारांतून ‘आई, भूक लागली’ म्हणत येणार आहे का?” इतक्यांत शेजारच्या काकू आल्या. एक शब्द न बोलतां त्यांनीं बाईंना दोन घोट चहा पाजला, आणि रात्रीं त्यांच्याच उशाशीं निजल्या. माझें बोलणें खोटें नव्हतें. परंतु तें मीं बाईंसाठीं नव्हे, स्वतःच्या सुटकेसाठीं बोललों होतों.

या प्रसंगानंतर मला लोकमान्य टिळकांची आठवण वारंवार होऊं लागली. मंडालेच्या तुरुंगांत १९१०-११ च्या हिवाळ्यांत त्यांनीं ‘गीतारहस्य’ पेन्सिलीनें लिहून काढलें. तें १९१५ सालीं पुण्यांत प्रसिद्ध झालें. सर्वांभूतीं एक आत्मा, म्हणून दुसऱ्याचें सुखदुःख आपल्यासारखेंच मानावें, या आत्मौपम्यबुद्धीला त्यांत नीतीचा पाया ठरविलें आहे. ग्रंथ लिहून झाला होता, ग्रंथकार अद्याप बंदिवासांतच होते, आणि १९१२ च्या जूनमध्यें सत्यभामाबाई निवर्तल्याची तार तेथें पोंचली. त्यांनीं भाच्याला पत्र लिहिलें. संकटें शांतपणें सोसण्याची आपणांस संवय आहे, तरी या आघातानें आपण फार हादरलों, आणि अशा वेळीं तिच्याजवळ नव्हतों याचेंच दुःख अधिक, असा त्याचा आशय आहे. कोणाला यांत विसंगति दिसेल. मला मात्र येथेंच त्यांच्या तत्त्वज्ञानाची सचोटी दिसते. कारण आत्मौपम्यांत ‘उपमा’ आहे, आणि सुखदुःखातीत आत्म्याची उपमा दुःखाला कशी लागू पडावी? तेथें ‘आत्मा’ म्हणजे साधा ‘आपण स्वतः’. दुसरा परका नाहीं हें आत्म्याच्या एकतेनें कळतें. त्याला किती दुखत असेल हें आपला दुखावलेला जीवच सांगतो.

उलट, जीव कोरडा राहिला तर आत्म्याची एकता पोथींतच राहते. १८९७ च्या प्लेगमध्यें सावित्रीबाई फुले यांनीं मुंढव्याच्या महारवाड्यांतल्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन आपल्या पुत्राच्या, डॉ. यशवंतरावांच्या, दवाखान्यांत पोंचविलें; त्याच साथींत १० मार्चला त्या स्वतः गेल्या. त्या वेळीं एकच ब्रह्म सर्वांत पाहणाऱ्या आमच्या कित्येक घरांत त्या मुलाची सावलीसुद्धां चालली नसती. हें लिहितांना मला सुख होत नाहीं.

त्या बाईंकडे मी पंधरा दिवसांनीं पुन्हा गेलों. या खेपेस कांहीं सांगितलें नाहीं, मुलगा लहानपणीं कसा होता तेवढें विचारलें. त्या दोन तास बोलत होत्या. मध्येंच एकदां हंसल्यासुद्धां. उठतांना म्हणाल्या, “पुढच्या वेळीं सवडीनें या. त्याच्या शाळेंतल्या गमती सांगावयाच्या राहिल्या.”