तारीख आजचीच आहे, आजी



कार्तिक पौर्णिमा झाली की आमच्या घरातली पत्र्याची ट्रंक पलंगाखालून बाहेर येते. डांबराच्या गोळ्यांचा वास घरभर पसरतो आणि थोरल्याचा गेल्या वर्षीचा स्वेटर धाकटीच्या अंगावर चढतो. बाह्या दोनदा दुमडाव्या लागतात. आमच्या कल्याणात या दिवसांत कडाक्याची थंडी नसते, पण पहाटे नळाला पाणी येते त्या वेळी बादलीत हात घालताना अंगावर काटा उभा राहतो. दारावर पेरू, सीताफळे येतात. आणि लेकरांची नाके वाहू लागतात.

दुसरा बदल उजेडाचा. जूनअखेर सव्वासातपर्यंत रेंगाळणारा सूर्य नोव्हेंबरात सहाच्या सुमारास मावळतो. त्यामुळे गल्लीत खेळणारी पोरे सहालाच घरात येतात. आम्ही कचेरीतून घरी पोहोचतो साडेसातला. मुलांची आई एका खासगी दवाखान्यात आया म्हणून काम करते, तिची दुसरी पाळी असली की ती येते रात्री साडेदहाला. म्हणजे सहा ते साडेसात हा दीड तास घरात आजी, दोन नातवंडे आणि मोबाईल. उन्हाळ्यात हा दीड तास पोरे मैदानात घालवतात. थंडीत तो कोणाच्या ताब्यात जातो, याचा विचार आम्ही कधी केलाच नव्हता.

तो करायला लावला एका बाटलीने.

६ नोव्हेंबर २०२५ ची रात्र. दुसऱ्या दिवशी विद्यार्थी दिवस. ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेबांचे नाव साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले, म्हणून महाराष्ट्र शासनाने २०१७ पासून हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळायचे ठरविले. आमच्या विहारात कार्यक्रम होता आणि वक्ते आम्हीच. आम्ही भिंतीला टेकून भाषणाची टिपणे काढीत होतो. शाळेच्या रजिस्टरातील १९१४ हा क्रमांक, भिवा रामजी आंबेडकर ही नोंद, परळच्या डबक चाळीतील एक खोली आणि लेकाला पहाटे दोनला अभ्यासाला उठवण्यासाठी स्वतः जागे राहणारे रामजी सुभेदार. हे सारे आम्ही आजवर कितीदा बोललो असू, त्याची गणती नाही.

इकडे धाकटी खोकत होती. ती चार वर्षांची. आमच्या आईने फळीवरच्या डब्यामागून खोकल्याच्या औषधाची अर्धी बाटली काढली. आई जालन्याकडची, शाळेचे तोंड पाहिले नाही. पण औषधाला तारीख असते आणि ती पाहावी लागते, एवढे सुनेकडून ऐकून तिला ठाऊक. आम्ही लिहिण्यात गुंग, म्हणून तिने थोरल्याला हाक मारली. तो दुसरीत आहे.

"काय लिवलंय रं ह्याच्यावर?"

थोरल्याने बाटली दिव्याकडे धरली. जरा वेळाने म्हणाला, "खोकल्याचं औषध."

"आन् तारीख?"

त्याने बाटली एकदा फिरवली, आजीच्या तोंडाकडे पाहिले आणि म्हणाला, "तारीख आजचीच आहे, आजी."

आमचे पेन थांबले. उठून बाटली हातात घेतली. औषधाची मुदत दीड वर्षापूर्वी संपली होती. आजीने झाकणात औषध ओतायला सुरुवातही केली होती.

येथे थोडे थांबून वाचकांना, विशेषतः भगिनींना, सांगायला हवे. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागात खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक लहान मुले दगावली. त्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल नावाचे विषारी रसायन सापडले. त्याने मूत्रपिंडे निकामी होतात. केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने ३ ऑक्टोबर २०२५ रोजी सूचना काढली की दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांनाही ती सहसा देऊ नयेत. मुलाचा साधा सर्दी-खोकला बहुतेक वेळा आपोआप बरा होतो. ही बातमी आम्ही वाचली होती, गाडीत चार सोबत्यांशी तिच्यावर चर्चाही केली होती. पण फळीवरच्या डब्यामागे काय आहे, ते पाहिले नव्हते.

मुलांची आई घरी आली तेव्हा तिने पहिले काम केले ते बाटली मोरीत रिकामी करून कचऱ्यात टाकण्याचे. मग झोपलेल्या धाकटीच्या पोटावरचे पांघरूण बाजूला करून घड्याळाचा काटा पाहत मिनिटभर श्वास मोजले. अठ्ठावीस. दवाखान्यातल्या सिस्टरांनी तिला शिकवले आहे की एक ते पाच वर्षांच्या मुलाचा श्वास स्वस्थ असताना मिनिटाला ४० किंवा त्याहून जास्त भरला, अथवा श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जाऊ लागला, तर सकाळची वाट पाहू नये, लगेच डॉक्टर गाठावा. आमच्या लेकीला कोमट पाणी आणि चमचाभर मध एवढ्यावर भागले. (एक वर्षाखालच्या बाळाला मात्र मध देऊ नये.)

धाकटीची काळजी मिटली. थोरल्याची सुरू झाली.

त्याच रात्री, ती दोघी झोपल्यावर, आम्ही त्याला जवळ घेतले आणि शाळेचे इंग्रजी पुस्तक उघडले. तो घडाघडा वाचू लागला. हत्तीचे पान, आंब्याचे पान, पावसाचे पान, कुठे अडखळला नाही. क्षणभर वाटले, आपण उगाच धसका घेतला. मग आम्ही हत्तीच्या चित्रावर तळहात ठेवला आणि म्हणालो, "आता वाच." तो गप्प. हात काढला, पुन्हा घडाघडा. मराठीच्या पुस्तकातही तेच. कविता तोंडपाठ, पण तिच्यातला एक शब्द वेगळ्या कागदावर लिहून दाखवला तर ओळखेना. दीड वर्ष आमचा मुलगा चित्रे पाहून आणि कानावर पडलेले पाठ करून वाचत होता. आम्ही, त्याचे वडील, समाधानाने ऐकत होतो. बाईही म्हणाल्या होत्या, "तुमचा मुलगा छान म्हणतो." म्हणतो आणि वाचतो यांतला फरक आमच्या ध्यानात आला नाही.

ज्यांची लेकरे पहिली-दुसरीत आहेत त्यांनी आज रात्री हे एवढे करून पाहावे. चित्र झाकावे.

दुसऱ्या दिवशी आम्ही विहारात भाषण केले. रामजी सुभेदार सांगितले, पहाटेचे दोन सांगितले, टाळ्याही पडल्या. पहिल्या रांगेत थोरला मांडी घालून बसला होता. आदल्या रात्रीची गोष्ट तेथे सांगण्याचे धैर्य आम्हाला झाले नाही. म्हणून ती येथे लिहीत आहोत.

आम्ही बी.कॉम. खतावणी लिहिण्यात उमेद गेली. त्या आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत एका जुन्या व्हाउचरच्या मागे आम्ही स्वतःचीच खतावणी काढली. आठवड्याचे तास १६८. कचेरी व प्रवास मिळून रोजचे १२, सहा दिवसांचे ७२. झोप ४९. मंगळवार व शनिवारचा विहारातील अभ्यासवर्ग ३, बुधवारची बैठक २, रविवारच्या गाठीभेटी ७. जेवण, आंघोळ, पाणी, बाजार असे किरकोळ २१. बेरीज १५४. शिल्लक १४ तास. ते गेले वर्तमानपत्र, टीव्ही, मोबाईल आणि नाक्यावरच्या गप्पा या नावे. थोरल्याच्या नावाचे खातेच उघडलेले नव्हते. विहारातला आमचा वर्ग पाचवीच्या पुढच्या मुलांचा. दुसऱ्यांची मुले बोर्डाच्या परीक्षेला तयार करताना घरचे पोर कोपऱ्यात बसून चित्रे रंगवीत होते, आणि आम्हाला वाटे की त्याला वाचनाची गोडी लागते आहे.

या हिशेबावरून घरात वादही झाला, तो लपवण्यात अर्थ नाही. आम्ही रागाच्या भरात म्हणालो की जूनमध्ये त्याला मराठी शाळेत घालू. मुलांची आई म्हणाली, "अहो, फी मी भरते ती त्याने चार माणसांत इंग्रजी बोलावं म्हणून. मी दवाखान्यात कागद घेऊन उभी राहते अन् डॉक्टर काय लिहितात ते कळत नाही, तसं त्याचं होऊ नये." तिचे म्हणणे खोडून काढणे आम्हाला जमले नाही. इंग्रजीशी आमचे वैर नाही आणि आपल्या समाजाला तर ते परवडणारही नाही. पण जी भाषा पोर बोलते तिची अक्षरे आधी हाती लागली, तर दुसरीची अक्षरे पकडायला ते घाबरत नाही, असे आमचे मत आहे. शेवटी ठरले असे की शाळा तीच राहील, पण मराठी वाचन घरी शिकवायचे. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला अर्थ समजून वाचता यावे, हे ध्येय केंद्र सरकारने ५ जुलै २०२१ रोजी 'निपुण भारत' मोहिमेत ठेवले आहे. सरकारचे सरकार पाहील. आमच्या थोरल्याची तिसरी संपायला दीड वर्ष उरले होते.

बुधवारच्या बैठकीतून आम्ही सुट्टी मागितली. कार्यकर्त्यांत थोडी कुजबुज झाली. असो.

शिकवणे कसे चालते, तेही सांगतो. साडेसातला घरी आलो की हातपाय धुऊन वीस मिनिटे. पाठ्यपुस्तक बंद. दाराच्या आतल्या बाजूला खडूने रोज तीन शब्द. काना-मात्रा नसलेले आधी : नळ, दळण, वरण, सरपण, बस, कप. शब्द सुचविते आजी, कारण तिच्या बोलण्यात असे शब्द पुष्कळ. आम्ही लिहितो, तो अक्षर-अक्षर लावतो. पहिला आठवडा फार कठीण गेला. तो रडला, आम्ही एकदा ओरडलो, नंतर त्याची माफी मागितली.

खरी शिकवण दिली ती आईने. आमच्या लक्षात न आलेली गोष्ट तिच्या लक्षात आली. शब्द अडला की थोरला दाराकडे पाहतच नसे, आमच्या तोंडाकडे पाही. आमचे ओठ जरा हलले, भुवई उचलली गेली, की त्यावरून अंदाज बांधून मोकळा. बाटलीच्या वेळीही त्याने आजीचे तोंड वाचले होते. आजीला जे उत्तर हवे ते त्याने दिले. आई म्हणाली, "बापाच्या तोंडावर काय लिवलंय? दाराकडं बघ." तेव्हापासून आम्ही त्याच्या पाठीमागे बसतो.

आम्ही घरी येईपर्यंतचा दीड तास आता आजीच्या ताब्यात आहे. मोबाईल फळीवर. ती त्याला कालचे शब्द विचारते. तो बरोबर सांगतो की चूक, हे तिला वाचून कळत नाही, पण आकार तिच्या डोळ्यांत बसतात. "काल नळातलं ते दोन वाटोळ्यांचं अक्षर व्हतं, तेच हाय का हे दळणात?" असे ती विचारते, आणि पोराला मान्य करावे लागते. धाकटी खडू घेऊन दाराच्या खालच्या फळीवर रेघोट्या ओढते आणि तेही वाचायला लावते. आम्ही वाचतो.

नोव्हेंबरच्या अखेरीस एका रविवारी आम्ही सहकुटुंब भांडुपला बहिणीकडे निघालो. मेगाब्लॉकचे वेळापत्रक सांभाळून, आणि मुद्दाम धीमी गाडी धरून, कारण धीमी गाडी प्रत्येक स्टेशनात थांबते आणि प्रत्येक स्टेशनात पाटी असते. खिडकीजवळ थोरला, त्याच्या शेजारी आजी, आईच्या मांडीवर स्वेटर घातलेली धाकटी. आम्ही त्यांच्याकडे पाठ करून उभे राहिलो.

ठाकुर्लीला त्याने 'ठाकुरली' वाचले. रफार अजून शिकवला नव्हता, आम्ही काही बोललो नाही. डोंबिवलीला गर्दी इतकी चढली की पाटी दिसलीच नाही. कोपर त्याने सहज काढले. दिवा तर गाडी थांबायच्या आत ओरडून सांगितला. समोरच्या बाकावरच्या एका ताईंनी त्याला पेरूची फोड दिली, तेव्हा तर तो आणखीच फुलला. मुंब्र्याला अडला. "पप्पा, ब च्या पायाशी ही तिरपी काडी कसली?" आम्ही सांगायला वळलो तोवर गाडी हलली. तो ती काडी बोटाने आपल्या तळहातावर पुन्हा पुन्हा काढीत राहिला.

म्हणून पुढची पाटी आली तेव्हा त्याचे लक्ष नव्हते. आजी मात्र खिडकीच्या गजांतून बाहेर पाहत होती. तिने त्याला कोपराने ढोसले.

"आरं, हे मधलं तर नळाचंच की रं!"

थोरल्याने दचकून वर पाहिले. पाटीवर कळवा होते.

"आजी," तो रागावून म्हणाला, "ते मी वाचणार होतो."