चपराक आणि कबुली

दूरचित्रवाणीवरील गुन्हेकथांची टिंगल करणे सोपे आहे, आणि आपल्या लष्करातील घराघरांतून ती यथेच्छ होतेही. बंद दार दिसले की ते तोडणारा दया, क्षणात अहवाल देणारे डॉ. साळुंखे, बोटे हवेत फिरवीत काहीतरी गडबड असल्याचे सांगणारे एसीपी प्रद्युम्न. जानेवारी १९९८ मध्ये सुरू होऊन २०१८ पर्यंत दीड हजारांहून अधिक भाग चाललेल्या आणि डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा अवतरलेल्या ‘सीआयडी’ने हे संकेत इतके रूढ केले, की नातवंडेही त्यांची नक्कल करून दाखवतात. या टिंगलीत आम्हाला सामील व्हावयाचे नाही. आमचा आक्षेप निराळा आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

संकेत म्हणजे दोष, असे आम्ही मानत नाही. ग्वाल्हेरकरांनी तर ते मुळीच मानू नये. आपल्या घराण्याच्या ख्यालात स्थायी आणि अंतरा आधी नीट मांडल्याशिवाय गायक पुढे सरकत नाही. श्रोत्यालाही ते ठाऊक असते, म्हणूनच पुढचा विस्तार त्याला कळतो. बाबूराव अर्नाळकरांच्या हजाराहून अधिक रहस्यकथा वाचल्या गेल्या त्या ‘झुंजार’ शेवटी निसटणार हे माहीत असूनच. चंबळच्या दरोडेखोराला हिंदी चित्रपटाने घोड्यावर बसविले. इथल्या बीहडांत बागी पायीच हिंडत, हे भिंड-मुरैनाकडील कोणीही जुना माणूस सांगेल; पण त्या घोड्याने कोणाचे काय बिघडले? दाराचेही तसेच.

बिघडविणारा संकेत एकच. संशयित समोर उभा असतो, तो नाकारतो, अधिकाऱ्याची एक चपराक बसते आणि तो घडाघडा सारे सांगू लागतो. मागे खुनाचे दृश्य उलगडत जाते, म्हणजे प्रेक्षकाला शंका घ्यावयास जागाच उरत नाही. मग त्याला आता फाशी होणार असे ऐकविले जाते आणि कथा संपते. न्यायालय येतच नाही.

पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही, हे भारतीय पुरावा कायद्याच्या पंचविसाव्या कलमाने १८७२ सालीच सांगून ठेवले. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली, तरी हा नियम तेविसाव्या कलमात कायम आहे. परक्या सरकारलाही आपल्याच पोलिसांवर एवढा विश्वास टाकवला नाही, कारण मारून कबुली घेण्याची चाल त्याला चांगली ठाऊक होती. कबुलीमुळे एखादी वस्तू सापडली, तर त्या शोधाशी निगडित तेवढाच भाग ग्राह्य धरतात. म्हणजे मालिका जिथे टाळ्या घेते, तिथे सरकारी वकिलाच्या हाती जवळजवळ काहीच आलेले नसते. फाशी तर दूरच. सत्र न्यायालयाने ती दिली तरी उच्च न्यायालयाने कायम केल्याखेरीज अमलात येत नाही.

शासकीय सेवेत कार्यकारी दंडाधिकारी या नात्याने आम्हाला मृत्युपूर्व जबान्या नोंदविण्यास जावे लागे. रुग्ण शुद्धीवर असल्याचा डॉक्टरांचा दाखला घ्यावयाचा, नातेवाइकांना आणि पोलिसांनाही बाहेर काढावयाचे, जळालेल्या बाईचे शब्द तिच्याच बोलीत उतरवून घ्यावयाचे. सही शक्य नसेल तर अंगठा. हात भाजलेले असतील तर पायाच्या अंगठ्याचा ठसा. त्या एका कागदावर पुढे वर्षानुवर्षे खटला उभा राही. व्हिसेरा बरणीत सीलबंद होऊन सागरच्या प्रयोगशाळेकडे जाई आणि अहवालाची वाट पाहण्यात महिने जात. या दिरंगाईचे समर्थन आम्ही करणार नाही. परंतु दिरंगाई वेगळी आणि काळजी वेगळी. मालिकेने दोन्ही एकाच चपराकीत उडवून लावल्या.

पाऊण तासात न्यायालय कसे दाखविणार, असा प्रश्न कोणी करील. न दाखवा, पण तर्काने गुन्हा उकलून दाखविता येतो. बासू चटर्जी यांनी १९९३ मध्ये दूरदर्शनवर ‘ब्योमकेश बक्षी’ आणला, त्यात डोके चालते, हात नव्हे. ‘सीआयडी’चे कर्ते बी. पी. सिंग यांनीच शिवाजी साटम यांना घेऊन त्याआधी मुंबई दूरदर्शनसाठी मराठीत ‘एक शून्य शून्य’ केली होती. सुट्टीत मुंबईच्या आप्तांकडे ती पाहिलेल्यांना तिच्यातील साधे, घामेजलेले पोलीस आठवत असतील. त्याच हातांनी पुढे चपराकीचा साचा घडवावा, याचे वाईट वाटते.

मराठी वाहिन्या मागे नाहीत. २०२० मध्ये आलेली ‘देवमाणूस’ ही मालिका वाई परिसरात २०१६ साली उघडकीस आलेल्या सहा खुनांच्या प्रकरणावर बेतल्याचे सर्वत्र बोलले गेले. तो खटला तेव्हा न्यायालयात चालूच होता. न्यायाधीशांनी निकाल देण्याआधीच दिवाणखान्यात रोज रात्री तो लागत होता, आणि आम्ही जेवणे उरकून तो पाहत होतो.

याचा परिणाम ६ डिसेंबर २०१९ रोजी दिसला. हैदराबादजवळ पशुवैद्यक तरुणीवरील अत्याचार व खुनाच्या प्रकरणातील चौघे संशयित पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले, तेव्हा लोकांनी पोलिसांवर फुले उधळली. एका मालिकेने हे घडविले असे आम्ही म्हणत नाही. पण वीस वर्षांच्या सरावाने हात फुलांकडे चटकन गेले असतील, एवढे नक्की. आपल्या सुशिक्षित, संस्कारी मराठी घरांतूनही त्या दिवशी अभिनंदनाचे दूरध्वनी झाले. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्यायमूर्ती विकास सिरपूरकर आयोगाचा अहवाल २०२२ मध्ये उघड झाला. गोळीबार ठार मारण्याच्या हेतूने झाला आणि त्या चौघांपैकी तिघे अल्पवयीन होते, असा त्याचा निष्कर्ष होता. दहा पोलिसांवर खुनाचा खटला चालवावा, असेही त्याने सुचविले. त्या अहवालासाठी कोणी कोणाला दूरध्वनी केल्याचे आमच्या ऐकिवात नाही. मात्र गल्लीत घरफोडी झाली आणि पोलीस पंच शोधू लागले, की याच घरांच्या खिडक्या भराभर लागतात.