नियम बदलला, पण बिल्किसची ती वर्षं?

बिल्किस अब्दुल-कादिरचं नाव निघालं की आपल्याकडे एकच ओळख सांगतात: हिजाब घालून बास्केटबॉल खेळणारी अमेरिकन मुलगी. मी तिची जुनी चाहती आहे आणि ही ओळख मला फार तोकडी वाटते.

ती मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफिल्डची. १८९१ मध्ये बास्केटबॉल जन्मला तो याच गावात. शालेय सामन्यांत तिने ३,०७० गुण केले. तोवर त्या राज्यात एवढे गुण ना कुठल्या मुलीने केले होते, ना मुलाने. पुढे ती मेम्फिस विद्यापीठाकडून खेळली, आणि २०१३-१४ चा हंगाम इंडियाना स्टेटकडून. तिचे कॉलेजचे सामने मी हॉस्टेलवर मैत्रिणीच्या मोबाइलवर तुकड्यातुकड्यांत पाहिले. पूर्ण बाह्या, झाकलेले पाय, डोक्यावर हिजाब. दोन मिनिटांत कपड्यांचा विसर पडतो. अंगापिंडाने लहान, आणि चेंडू हातात आला की समोरची उंच मुलगी कुठल्या बाजूला झुकेल हे हिला आधीच कळलेलं!

कॉलेज संपलं आणि व्यावसायिक खेळाच्या दारात ती अडली. 'फिबा' या जागतिक संघटनेच्या नियमात डोक्यावर पाच सेंटिमीटरची पट्टी चालायची, हिजाब नाही. कारण सांगितलं जाई सुरक्षिततेचं. याच नियमाने २०१४ मध्ये चीनमधल्या वुहानला अमृतपाल सिंग आणि अमज्योत सिंग या आपल्या भारतीय खेळाडूंना पगडी उतरवायला लावली. त्याच वर्षी इंचॉनच्या आशियाई स्पर्धेत कतारच्या मुलींनी हिजाब काढण्यापेक्षा सामना सोडला. म्हणून हा फक्त 'आपला' प्रश्न होता असं मी कधी मानलं नाही.

बिल्किस गप्प बसली नाही. तिच्यासारख्या अनेकांनी आवाज उठवला आणि २०१७ मध्ये नियम बदलला. आपण त्या बातमीवर 'माशाअल्लाह' लिहून पुढे गेलो. पण चपळाईवर खेळणाऱ्या मुलीची ऐन विशीतली तीन वर्षं तोवर निघून गेली होती. ती कोणी परत देत नाही. तिची गोष्ट निव्वळ विजयाची म्हणून सांगितली जाते तेव्हा मला राग येतो.

मला जास्त मोलाचं वाटतं ते तिचं नंतरचं काम. मेम्फिसच्या एका इस्लामी शाळेत ती मुलांना खेळ शिकवू लागली, पुढे कॅनडात लंडन शहरी जाऊन मुलींसाठी शिबिरं घेऊ लागली. जो मार्ग तिला बंद झाला, त्याच्या अलीकडच्या टोकाला उभी राहून ती लहान मुलींच्या हातात चेंडू देते.

आमच्या मोहल्ल्यात सातवीनंतर मुली मैदानावर दिसत नाहीत. याला फिबा जबाबदार नाही. कोणी फतवाही काढलेला नाही. संध्याकाळी मैदान मुलांच्या क्रिकेटने भरलेलं असतं, कपडे बदलायला जागा नसते, आणि शिकवणारे सगळे पुरुष. घरचे 'नको' म्हणतात, त्यामागे बहुतेक वेळा एवढंच असतं. हिजाबवर चर्चासत्रं खूप झाली. एखादीला प्रशिक्षणाचा कोर्स करायला पैसे द्या म्हटलं की सभागृह शांत होतं.

माझी मामेबहीण तेरा वर्षांची आहे. गेल्या ईदीतून तिने चेंडू घेतला. मामूंनी हरकत घेतली नाही, फक्त विचारलं, "शिकवायला कोणी बाई आहे का?" चार शाळांत विचारून झालं. पाचवीत सोमवारी जाणार आहे.