विषय जुना, वाणी श्रोत्यांची

आषाढी एकादशीच्या पर्वकाळी नारदीय कीर्तनाचा महिमा गाताना आज आम्हांस एका ख्रिस्ती कीर्तनकाराचे स्मरण होते. काही वाचकांच्या भुवया उंचावतील. त्यांनी क्षणभर धीर धरावा.

रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. त्यांच्या मतांतराचा सल अनेकांच्या मनांत आजही असेल. तो वाद आम्ही उकरून काढीत नाही. आमची दृष्टी आहे ती त्यांच्या श्रोत्यांकडे. अहमदनगरकडील तेव्हाच्या ख्रिस्ती मंडळींपैकी अनेकजण गोतास आणि सणवारांस पारखे झाले होते. उपासनेत गावयाची ती बव्हंशी भाषांतरित गीते, तीही परक्या चालींवर. धर्म पालटला होता; कान मात्र ओवी-अभंगाचेच राहिले होते.

टिळकांनी हे जाणले. ख्रिस्तचरित्र सांगण्यासाठी त्यांनी कीर्तन आणि भजन हाती धरले. तुकोबांचे ऋण त्यांनी कधी लपविले नाही. १९१७ साली मिशनची चाकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' स्थापिला; बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तेथे स्थान होते. १९१९ साली ते निवर्तले. पण त्यांची भजने मराठी ख्रिस्ती उपासनेत आजही गायिली जातात.

यांतून आपण काय घ्यावे? पालटत्या काळात उपदेशकाने विषय सोडू नये; वाणी मात्र श्रोत्यांची घ्यावी. शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वर माउलींनी गीतार्थ मराठीत आणला तो याच न्यायाने.

आज आपल्या घरीही तोच प्रसंग उभा आहे. पोथी वाचली जाते, आरती होते; पण अर्थ विचारणाऱ्या मुलास 'गप्प बैस' एवढेच उत्तर मिळते. यावर कोणी चित्रपटगीतांच्या चालींचा उपाय सुचवितात. तो आम्हांस मान्य नाही. टिळकांच्या काळी प्रतिष्ठा होती ती विलायती चालींना. त्यांनी मात्र श्रोत्यांच्या अंतःकरणात आधीच रुजलेली चाल निवडली. प्रचलित ते सारेच जवळचे नसते.

म्हणून आमची विनंती एवढीच : आज फराळापूर्वी घरातील वडीलधाऱ्यांनी एकच अभंग घ्यावा, तो मुलांस त्यांच्या बोलीत उलगडून सांगावा आणि त्यांच्या शंका न रागावता ऐकाव्या. विठुरायास ही सेवा खचित रुजू होईल.